ज्यांनी स्वतः काही लिहिलं नाही, त्यांचा पंचनामा कसा करावा

एकतीस वर्षं मी मोटार विम्याचा सर्व्हेअर होतो. नाशिक, मालेगाव, धुळे, कसारा घाट हा माझा इलाखा. रात्री फोन आला की टॉर्च, टेप आणि कॅमेरा घेऊन निघायचं. रस्त्याकडेला ट्रक आडवा, कांदे पसरलेले आणि ड्रायव्हरचा जबाब ठरलेला : "साहेब, समोरून डंपरनं कट मारला." डंपर कुठाय? पळाला. म्हणजे अपघात दोघांचा आणि जबाब एकाचा. असा जबाब सरसकट खोटा धरून चालत नाही, आणि खरा धरला तर कंपनी बुडते. मग टायरचे पट्टे बघा, काच कुठल्या बाजूला सांडली ते बघा, ढाब्यावर चौकशी करा.

आता निवृत्त आहे. वर्षातले तीन महिने लेकीकडे, जर्मनीत लायपझिगला असतो. मागच्या उन्हाळ्यात नातीला शाळेतून एक काम मिळालं. आपल्या भागात दीड हजार वर्षांपूर्वी कोण राहत होतं, यावर एक पान. दोन दिवस नेटवर डोकं घालून ती वैतागली. "आजोबा, एक म्हणतो जर्मॅनिक टोळ्या, एक म्हणतो स्लाव्ह, आणि नक्की कोणालाच काही माहीत नाही असं वाटतंय."

मी म्हटलं, ही तर आपली फाइल.

तेव्हा आम्ही दोघांनी जे केलं ते इथं लिहितोय. या जुन्या लोकांविषयी ज्याला वाचायचंय, संग्रहालयं बघायचीत आणि फसायचं नाही, त्याच्यासाठी. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही.

आधी फॉर्म आखा

वाचायला सुरुवात करायच्या आधी कागदावर सात कॉलम पाडा. सांगणारा कोण. घटनेनंतर किती वर्षांनी सांगतोय. स्वतः पाहिलं की ऐकलं. कोणासाठी लिहिलं. त्यात त्याचा फायदा काय. त्याच्या कागदाच्या किती प्रती उरल्या. आणि सातवा, सगळ्यात रुंद कॉलम : काय कळत नाही, आणि *का* कळत नाही.

नवशिके सर्व्हेअर हा शेवटचा कॉलम भरत नाहीत. 'माहिती उपलब्ध नाही' एवढं लिहून मोकळे. पण ड्रायव्हर पळाला म्हणून माहिती नाही, गाडी जळाली म्हणून नाही, आणि मुळात कोणी विचारलंच नाही म्हणून नाही, ह्या तीन वेगळ्या गोष्टी. जर्मॅनिक आणि स्लाव्ह लोकांच्या बाबतीत तर तिन्ही एकाच फाइलमध्ये सापडतात.

नाव कोणी ठेवलं ते विचारा

पहिला घोळ नावाचाच. ज्यांना आपण जर्मॅनिक म्हणतो, ते स्वतःला तसं म्हणत असल्याचा पुरावा नाही. ते खेरुस्की होते, खात्ती होते, सुएबी होते. 'जर्मानी' हे नाव रोमन वापरात पक्कं झालं ते मुख्यतः ज्युलियस सीझरमुळे. ऱ्हाइन नदीच्या अलीकडे गॉल (आजच्या फ्रान्सकडचे लोक), पलीकडे जर्मान, अशी सरळ रेघ त्यानं ओढली. जमिनीवर ती इतकी सरळ नव्हती. आजच्या जर्मनीशी तर ह्या शब्दाची गल्लत करूच नका. डेन्मार्क, नॉर्वे, काळ्या समुद्राकाठचे गॉथ, सगळे ह्याच भाषाकुळातले.

स्लाव्हांकडून बघा. पोलिश, चेक, रशियन लोक आजही जर्मनाला ज्या शब्दानं हाक मारतात, नेमेक, न्येमेत्स, त्याचं मूळ 'मुका' ह्या शब्दात आहे. ज्याची भाषा कळत नाही तो मुका. आणि स्वतःचं 'स्लाव्ह' हे नाव बहुधा 'स्लोवो' म्हणजे शब्द यावरून, म्हणजे आम्ही बोलणारे. शेजाऱ्याबद्दलचं मत नावातच नोंदवून ठेवलंय.

जबाब देणाऱ्याकडे बघा, मग जबाबाकडे

सीझरनं इ.स.पू. ५५ मध्ये ऱ्हाइनवर दहा दिवसांत लाकडी पूल बांधला, पलीकडे अठरा दिवस राहिला, परत आला आणि पूल मोडून टाकला. दोन वर्षांनी आणखी एकदा गेला. एवढाच त्याचा स्पॉट सर्व्हे. तरी त्याच्या युद्धवृत्तान्तात पलीकडच्या जंगलाचं वर्णन आहे. त्यात एल्क नावाचा प्राणी आहे, सांबराहून दांडगा. सीझर सांगतो, त्याच्या पायांना सांधे नसतात. त्यामुळे तो आडवा होऊ शकत नाही आणि पडला तर उठू शकत नाही, म्हणून झाडाला टेकून झोपतो. शिकारी काय करतात, तर त्याच्या आवडीची झाडं हेरून ती मुळाशी कापून नुसती उभी ठेवतात. एल्क टेकला की झाड पडलं आणि तोही पडला.

नात इतकी हसली की शेजारणीनं खिडकी उघडून बघितलं.

हा मजकूर मागून कोणीतरी घुसडला असावा असंही काही अभ्यासक म्हणतात. असेल. पण मला त्यातून कामाची गोष्ट मिळते : एल्कच्या गुडघ्याबद्दल जो कागद इतका ठाम आहे, तोच माणसांच्या लग्नाबद्दल, देवांबद्दल, शेतीबद्दलही तितकाच ठाम असतो. आवाज तोच. एल्कचा गुडघा आपण आज जाऊन बघू शकतो. त्या लोकांचं लग्न नाही बघू शकत.

दुसरा मोठा साक्षीदार रोमन इतिहासकार टॅसिटस. इ.स. ९८ मध्ये त्यानं 'जर्मानिया' लिहिलं, छोटंसंच. ह्या विषयावरचं अर्धंअधिक आजही त्यावर उभं आहे. तो ऱ्हाइनपलीकडे गेल्याची कुठेही खूण नाही. त्याच्या आधी थोरल्या प्लिनीनं जर्मान युद्धांवर वीस खंड लिहिले होते, आणि प्लिनी स्वतः ऱ्हाइनवर घोडदळात होता. ते विसाच्या वीस खंड गेले. ज्यानं पाहिलं त्याचा कागद नाही, ज्यानं ऐकलं त्याचा आहे. क्लेमच्या फायलीत हे मी इतक्यांदा बघितलंय की मला धक्काही बसला नाही.

टॅसिटसचा फायदा काय? पैसे नव्हे. त्याला रोमच्या लोकांचे कान उपटायचे होते. तिकडे दुराचाराला कोणी हसण्यावारी नेत नाही, असं तो लिहितो तेव्हा डोळा जंगलाकडे कमी आणि रोममधल्या मेजवान्यांकडे जास्त असतो. परगावच्या सुनेचं कौतुक करून घरच्या सुनेला टोमणा मारतात, त्यातला प्रकार. पण तो प्रामाणिकही आहे. सगळ्यात शेवटी माणसाचं तोंड आणि जनावराचं अंग असलेल्या लोकांची गोष्ट येते, तिथं तो सांगतो की हे पडताळलेलं नाही, मी मोकळं सोडतो. शेवटच्याच प्रकरणात वेनेती लोक येतात. यांना जर्मानांत धरावं की सार्मातियनांत, म्हणजे पूर्वेकडच्या घोडेस्वार भटक्यांत, हे त्याला कळत नाही. पुढे सहाव्या शतकात योर्दानेस हा इतिहासकार स्लाव्हांना ह्याच वेनेतींशी जोडतो. म्हणजे स्लाव्हांचा पहिला उल्लेख, असलाच, तर 'खाना क्रमांक अनिश्चित' असा आहे.

आणखी एक सवय लावून घ्या : साक्षीदारानं देवाचं नाव सांगितलं, तर ते कोणाच्या भाषेतलं आहे ते विचारा. टॅसिटस म्हणतो, ते सगळ्यात जास्त मर्क्युरीला भजतात. जंगलात मर्क्युरी कुठून आला? हा रोमन अनुवाद. मूळ देव कोणता ते आठवड्याच्या वारांवरून कळतं. रोमन मर्क्युरीचा वार तो इंग्रजीत वोडनचा वार झाला, वेन्सडे. आपल्याकडे त्याच ग्रहाचा बुधवार. जर्मनांनी मात्र तो वार 'मिटवोख', नुसता आठवड्याचा मध्य करून टाकलाय.

कागद कोणाच्या हातून आला

सहावा कॉलम लोक सोडून देतात. सोडू नका. जप्त मालाची पावती जशी हातोहात तपासतात, तसा हस्तलिखिताचा प्रवास तपासा.

'जर्मानिया'च्या आज आहेत त्या सगळ्या प्रती एकाच हस्तलिखितावरून उतरल्यात. ते नवव्या शतकातलं, हेर्सफेल्डच्या मठातलं, आणि १४५५ च्या सुमारास इटलीत पोचलं. त्या मठात उंदीर जरा जास्त असते, एखादी मेणबत्ती कलंडली असती, तर ह्या लोकांबद्दलचा सगळ्यात मोठा जबाब आपल्याला माहीतही नसता. १९०२ मध्ये इटलीतल्या येसी गावी एका सरदार घराण्याच्या संग्रहात जी जुनी प्रत सापडली, तिच्यात त्या मूळ हस्तलिखिताची काही पानं आहेत, पण ती टॅसिटसच्या दुसऱ्या पुस्तकाची. 'जर्मानिया'चा मजकूर पंधराव्या शतकातली नक्कल. ती प्रत हिमलरला, म्हणजे नाझींच्या एसएस संघटनेच्या प्रमुखाला, हवी होती. १९४३ मध्ये एसएसची माणसं त्या कुटुंबाच्या बंगल्यात घुसून शोधून गेली, मिळाली नाही. इतकी हाव कशाला, ते पुढे सांगतो.

हरवलेल्यांची यादीही ठेवा. फ्रँकांचा सम्राट शार्लमेन यानं जुन्या राजांच्या, लढायांच्या गाण्यांचा संग्रह लिहून घेतला होता, असं त्याचा चरित्रकार आइनहार्ड सांगतो. एक ओळ उरलेली नाही. योर्दानेसनं ५५१ च्या सुमारास गॉथांचा इतिहास लिहिला, तो कासिओडोरसच्या बारा खंडांचा गोषवारा. आणि ते खंड आपल्याला फक्त तीन दिवस वाचायला मिळाले, असं तो स्वतःच कबूल करतो. बारा खंड आज नाहीत, तीन दिवसांच्या टिपणावर आपण आहोत. त्या टिपणाची एक महत्त्वाची जुनी प्रत थोर इतिहासकार मोमसेननं अभ्यासाला घरी आणली होती. १८८० मध्ये त्याच्या घराला आग लागली, त्यात ती गेली.

सोन्याचं काय? डेन्मार्कात गालेहुसला दोन सोन्याची शिंगं सापडली, एक १६३९ मध्ये, एक १७३४ मध्ये. १८०२ मध्ये एका सोनारानं चोरून वितळवली. आज आहेत त्या प्रतिकृती. एका शिंगावर रून लिपीत कारागिराचं वाक्य होतं : मी ह्लेवागास्टिझ, होल्टचा, हे शिंग केलं. जर्मॅनिक माणसानं स्वतःच्या तोंडून काही सांगितल्याचं हे सुरुवातीच्या थोड्या नमुन्यांपैकी एक, आणि ते असं.

रून लिपी त्यांच्याकडे होतीच. डेन्मार्कातल्या विमोसचा कंगवा इ.स. १६० च्या सुमाराचा. त्यावर 'हार्या' एवढाच शब्द. नॉर्वेत २०२१ मध्ये सापडलेला दगड इ.स. १ ते २५० मधला. म्हणजे अक्षरओळख होती, पण कंगव्यावर नाव घालण्यापुरती. लाकडावर जे कोरलं ते कुजलं. हिशेब, वंशावळ, गाणं हे सगळं तोंडी. आपल्याकडे ओव्या कोणी लिहून ठेवल्या होत्या का? जात्याबरोबर थांबल्या त्या थांबल्या.

अपघात झाला तरच फाइल उघडते

नातीनं विचारलं, "मग पाचशे वर्षं स्लाव्ह होते कुठे?"

ह्याचं उत्तर मला माझ्या धंद्यानं दिलं. ज्या गाडीला वीस वर्षं अपघात झाला नाही, तिची विमा कंपनीत क्लेमची फाइलच नसते. ती गाडी नव्हती असं थोडंच आहे? ती रोज भाजी आणत होती. रोमन आणि बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन) दफ्तर असंच चालायचं. सरहद्दीवर येऊन धडकलात की तुमच्या नावानं कागद उघडणार. जर्मॅनिक टोळ्या ऱ्हाइनवर आधी धडकल्या, त्यांची फाइल आधी. स्लाव्ह डॅन्यूब नदीवर धडकले सहाव्या शतकात, सम्राट जस्टिनियनच्या काळात. मग एकदम इतिहासकार प्रोकोपियस, योर्दानेस आणि ६०० च्या सुमाराचं 'स्ट्रॅटेगिकॉन' हे युद्धशास्त्राचं पुस्तक, सगळे त्यांच्याबद्दल लिहू लागतात. डॅन्यूबपासून दूर, शांतपणे वरी पेरणाऱ्या स्लाव्हांबद्दल कोणी लिहिलं नाही, कारण त्यांनी कोणाचं काही मोडलं नव्हतं.

आणि जे लिहिलं ते नुकसानभरपाईच्या सुरात. योर्दानेस म्हणतो, दलदली आणि जंगलं हीच त्यांची शहरं. प्रोकोपियस म्हणतो, दूरदूर विखुरलेल्या दरिद्री झोपड्यांत राहतात, एका माणसाची सत्ता मानत नाहीत, विजेच्या देवाला सर्वांचा धनी मानतात.

'स्ट्रॅटेगिकॉन'मधला एक तुकडा आम्ही प्रत्यक्ष करून बघितला. त्यात आहे की अचानक धाड आली की स्लाव्ह पाण्यात बुडी मारतात, तळाशी उताणे पडतात आणि लांब पोकळ बोरूतून श्वास घेत तासन्‌तास राहतात. नवख्याला वाटतं बोरू तिथंच उगवलेत. जाणकार कापलेल्या टोकावरून ओळखतो आणि बोरू उपटतो, किंवा तोच त्यांच्या तोंडात खुपसतो.

बागेच्या दुकानातून बांबूची कांडी आणली. आतली पेरं तापवलेल्या सळईनं फोडली. कोसपुडनच्या तळ्यात, गुडघाभर पाण्यात, जावईबापूंना आडवं केलं. पहिल्या खेपेला नाकात पाणी, नाक चिमटीत धरावं लागलं. छातीवर वीतभर पाणी असेपर्यंत श्वास छान चालला. जरा खोल नेलं की छातीवर कोणी बसल्यासारखं झालं, हात हलवायला लागले. तळ्याची थंडी वेगळीच, जुलैत दहा मिनिटांत ओठ निळे. (हे घरच्या पोरांना एकट्यानं करू देऊ नका.) निष्कर्ष काय लिहिला? उथळ पाण्यात थोडा वेळ : शक्य. खोल तळाशी तासन्‌तास : ऐकीव. म्हणजे बहुधा कोणीतरी असं एकदा पाहिलं आणि छावणीत गोष्ट फुगली.

त्याच पुस्तकात, धाड मारायला गेलात तर त्यांच्याकडे धान्याचे ढीग सापडतील, मुख्यतः वरी-राळ्यासारखी भरड धान्यं, असंही आहे. हे उत्खननात जुळतं, त्या वस्त्यांत असे जळके दाणे निघतात. बोरूवर हसलो म्हणून धान्य फेकून द्यायचं नाही. एका जबाबातलं प्रत्येक वाक्य सुटं करून तपासायचं.

आता जागेवर जा

लाकडी घर कुजतं, पण जिथं खांब रोवला होता तिथली माती काळपट राहते. उत्खननात असे काळे गोल ओळीनं दिसले की घराचा आराखडा मिळाला. उत्तर समुद्राकाठी फेडरसन वीर्डं नावाची टेकडी आहे, १९५५ ते १९६३ मध्ये खणली. भरतीपासून वाचायला लोकांनी शेण-माती टाकटाकून उंच केलेली. त्या शेणानंच लाकूड टिकलं. एकाच लांबलचक घराच्या एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गुरांचे गोठे. चारशे-पाचशे वर्षांची वस्ती, आणि टॅसिटसला तिचा पत्ता नाही.

स्लाव्हांची जागा शोधणं जास्त अवघड. सहाव्या-सातव्या शतकातलं त्यांचं घर म्हणजे अर्धं जमिनीत खणलेली चौकोनी खोली, साधारण चार मीटर बाजूची, कोपऱ्यात दगडी चूल. मडकं हातानं घडवलेलं, बिननक्षीचं. मेलेल्यांना जाळायचे, बरोबर फारसं काही ठेवत नसत. सोन्याचा बकल नाही, तलवार नाही, संग्रहालयाच्या काचेत चमकेल असं काही नाही. एका संग्रहालयात असं मडकं बघताना शेजारचा माणूस बायकोला म्हणाला, हे काय बघायचं. मी तिथं वीस मिनिटं उभा होतो. काठ जरा वाकडा, आत अंगठ्याचा दाब दिसतोय.

पण मडक्याला भाषा नसते, ही पाटी डोक्यात लटकवून ठेवा. मडकं सांगतं की ते असं घडवलं. घडवणारी घरी काय बोलत होती ते सांगत नाही.

शब्द खणा

पोर्तुगीजांची सगळी दफ्तरं उद्या जळाली तरी मराठीत चावी, पगार, पाव आणि बटाटा राहतील, आणि कोणीतरी कधीतरी विचारेल की हे आले कुठून. तसंच तिकडे. स्लाव्ह भाषांत भाकरीला ख्लेब, ख्लेप म्हणतात. तो जर्मॅनिक शब्द आहे, लेक बेकरीतून आणते त्या 'लाइब'चा भाऊ. राजा-सरदारासाठीचा 'क्न्याझ' हाही जर्मॅनिक 'कुनिंगाझ'वरून. म्हणजे इतिहासकारांनी नोंदवण्याच्या कितीतरी आधी हे दोघे शेजारी होते, आणि देवघेव भट्टीपासून सिंहासनापर्यंत होती. गंमत अशी की तो मूळ 'कुनिंगाझ' आज सगळ्यात शाबूत फिनिश भाषेत आहे, 'कुनिंगास'. फिनिश तर ह्यांच्यापैकी कोणाचीच नातलग नाही. उसना नेलेला तांब्या शेजाऱ्याकडे चकचकीत, आपल्याकडे मात्र झिजलेला.

लायपझिगमध्ये हे करायला ट्रामचं तिकीट पुरतं. कॉनेविट्झ, प्लागविट्झ, स्टोटरिट्झ. शेवटचं ते 'इट्झ' स्लाव्ह ठशाचं आहे. शहराचं नाव १०१५ च्या नोंदीत 'लिब्झी' असं येतं. ते 'लिपा' म्हणजे लिंडेनच्या झाडावरून, असं जुनं स्पष्टीकरण, आता त्यावर काही जण शंका घेतात.

एक इशारा. जवळच मर्सेबुर्ग आहे. तिथल्या कॅथेड्रलच्या ग्रंथालयात १८४१ मध्ये एका धार्मिक पोथीच्या कोऱ्या पानावर दहाव्या शतकात उतरवलेले दोन मंत्र सापडले. एक घोड्याचा मुरगळलेला पाय बरा करायचा : हाड हाडाला, रक्त रक्ताला, सांधा सांध्याला. अथर्ववेदात 'मज्जा मज्ज्ञा सं धीयताम्' असा मंत्र आहे, तो वाचलेल्या माणसाच्या अंगावर काटा येतो. माझ्याही आला. पण तेवढ्यावरून "सगळं आपल्याकडूनच गेलं" असे जे मेसेज फिरतात, ते सर्व्हे रिपोर्टात चालत नाहीत. दोन गाड्यांना एकाच जागी पोचा आहे म्हणून त्या एकमेकींवर आदळल्या असं होत नाही.

बोगस क्लेम ओळखा

कोरा कॉलम दिसला की कोणाचा तरी हात शिवशिवतोच. १८१७ आणि १८१८ मध्ये बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, जुन्या चेक काव्याची दोन हस्तलिखितं 'सापडली'. वीरकथा, प्राचीन न्यायसभा, जे जे हवं होतं ते ते. वात्स्लाव्ह हांका ह्या ग्रंथपालाच्या भोवती हे सगळं फिरत होतं. १८८६ मध्ये मासारिक, जो पुढे चेकोस्लोव्हाकियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला, त्यानं ती खोटी असल्याची बाजू लावून धरली, आणि देशद्रोही म्हणून शिव्या खाल्ल्या. माझी कसोटी साधी : अपघातानंतर काढलेलं बिल नेहमी फार स्वच्छ असतं. ज्या जुन्या कागदात तुम्हाला हवं तेच, हव्या त्या क्रमानं मिळतं, तो उजेडात धरा.

जर्मन बाजूला पुरातत्त्वज्ञ गुस्ताफ कोसिन्ना. वस्तूंचा एक ठसा म्हणजे एक लोकसमूह, हे त्याचं गणित. मडकं जिथं, तिथं आम्ही, आणि जिथं आम्ही होतो ती जमीन आमची. नाझींनी हे उचललं. हिमलरला ते हस्तलिखित का हवं होतं ते आता कळलं असेल. पोलंडमध्ये बिस्कुपिनला १९३३ मध्ये तळ्याकाठी लाकडी तटबंदीचं गाव सापडलं. पोलिश अभ्यासक म्हणाले स्लाव्हांचं. युद्धात जर्मनांनी ताबा घेतल्यावर एसएसच्या लोकांनी तिथंच खणून उलटं सांगितलं. लाकडातली वर्षवलयं मोजल्यावर बरीचशी झाडं इ.स.पू. ७३८ च्या सुमाराच्या हिवाळ्यात तोडलेली निघाली. टॅसिटसच्याही आठशे वर्षं आधीची. तिथले लोक काय बोलत होते कोणाला माहीत, आणि दोन देश त्यांच्या नावानं भांडत होते.

डीएनए आणि एक बरगडी

हल्ली सगळे म्हणतात, डीएनए करा, विषय संपला. २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये साडेपाचशेहून अधिक प्राचीन व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास आला. त्यात पूर्व जर्मनीत सहाव्या शतकानंतर ८० टक्क्यांहून जास्त वंश पूर्व युरोपातून आलेला दिसतो. म्हणजे माणसं खरंच आली, नुसती फॅशन नाही आली. हे मोठं आहे. पण सुरुवातीचे स्लाव्ह मृतांना जाळायचे, तेव्हा नेमक्या पहिल्या पिढ्यांचे नमुने विरळ. आणि हाडातही भाषा नसते.

शेवटी ती बरगडी. चेक देशातल्या दक्षिण मोराव्हियात, ब्रेक्लाव्हजवळच्या लानी इथं, २०१७ मध्ये एका सुरुवातीच्या स्लाव्ह वस्तीत गाईच्या बरगडीचा मोडका तुकडा मिळाला. इ.स. ६०० च्या सुमाराचा. त्यावर ओरखडे, आणि ते ओरखडे म्हणजे जर्मॅनिक रून. शब्द नाही, वाक्य नाही, तर वर्णमालेच्या शेवटाकडची अक्षरं. कोणीतरी बाराखडी गिरवतंय तसं. त्या भागातले लोंबार्ड ही जर्मॅनिक टोळी, ते ५६८ मध्ये इटलीकडे निघून गेले होते. मग हे कोरलं कोणी? मागे राहिलेल्या एखाद्या लोंबार्ड म्हाताऱ्यानं, की त्याच्याकडून शिकणाऱ्या स्लाव्ह पोरानं? स्लाव्हांची स्वतःची लिपी तर सिरिल आणि मेथोडियस हे धर्मप्रसारक ८६३ मध्ये मोराव्हियात आले तेव्हाची.

नातीला सगळ्यात जास्त हेच आवडलं. तिनं पानाच्या मधोमध बरगडीचं चित्र काढलं. खाली लिहिलं : आधी थुरिंगियन, म्हणजे जर्मॅनिक, नंतर सोर्ब, म्हणजे स्लाव्ह, साले नदी दोघांची सीमा, असं आइनहार्ड सांगतो, पण तो फ्रँक दरबारचा माणूस. कॉलम सगळे भरले. 'हे लोक स्वतःविषयी काय म्हणत होते' ह्या ओळीपुढे तिनं आडवी रेघ मारायला घेतली आणि थांबली.

"आजोबा, पेनानं मारू की पेन्सिलनं?"

पंचनाम्यात पेन्सिल चालत नाही, एकतीस वर्षं मी कोणाला चालू दिली नाही. म्हटलं, पेन्सिलनं मार.